स्मॉग चेकच्या तोंडावर कोड पुसू नका

कॅलिफोर्नियात स्मॉग चेकच्या, म्हणजे गाडीच्या प्रदूषण-तपासणीच्या, आदल्या दिवशी स्कॅनरने गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड पुसून 'चेक इंजिन'चा दिवा घालवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणं. कोड पुसला किंवा बॅटरीची तार काढली की गाडीचा संगणक स्वतःच करत असलेल्या तपासण्यांची (स्वयंतपासण्यांची) पाटी कोरी होते आणि गाडी नापास. २००० किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीत फक्त इव्हॅपची (पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेची) तपासणी अपुरी चालते, बाकी सगळ्या पूर्ण लागतात.

आधी मूळ बिघाड दुरुस्त करा. मग या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हाव्यात म्हणून टाकी अर्धी-पाऊण भरून गाडी रात्रभर बंद ठेवा. सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या, नंतर फ्रीवेवर पंधरा-वीस मिनिटं एकसारखा वेग. जागा मोकळी असेल तिथे ब्रेकऐवजी नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्या. नेमका क्रम कंपनीगणिक बदलतो. असं काही दिवस करावं लागतं. तपासण्या पूर्ण झाल्या का ते साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं उपकरण) रोज लावून बघा, उगाच टेस्टचे पैसे घालवू नका.

तरीही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) तपासणी अडलीच, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप, बघा. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आणि तपासणी सुरूच होत नाही.