हप्त्यावर फ्रिज घेताना आधी काय विचारायचं

कर्वे रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी फायनान्सच्या टेबलावर बसते. दसरा-पाडव्याला रांग लागते आणि जो तो एकच विचारतो, "ताई, व्याज किती?" मी सांगते, शून्य. कागदावर तसंच असतं, खोटं नाही ते. पण आधी विचारायला हवं ते वेगळंच: हाच फ्रिज आत्ता रोखीने घेतला तर शेवटचा भाव काय? तेही हप्त्याचं नाव काढण्याआधी, सेल्समनला. हप्ते म्हणालात की सेल्समन भाव कमी करायचा थांबतो, कारण तुमचं व्याज बहुतेकदा त्याच सवलतीतून भरलं जातं. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं.

आता हिशोब. फ्रिजवर 36,000 लिहिलेत, रोखीने घासाघीस करून 34,200 ला मिळतो. हप्त्याने 3,000 चे बारा, त्यातला पहिला इथेच भरायचा. वर फाइल चार्ज 700 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 826. एकूण गेले 36,826, रोखीपेक्षा 2,626 जास्त. इथे लोक म्हणतात, सात-आठ टक्के पडले, चालतंय की! नाही चालत. पहिल्याच दिवशी 3,826 खिशातून गेले, म्हणजे खरी उधारी 30,374 ची, आणि तीही दर महिन्याला उतरत जाते. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये 'रेट' (RATE) फंक्शनला 11 (उरलेले हप्ते), उणे 3,000 आणि 30,374 द्या, उत्तराला 12 ने गुणा. वर्षाला 17 टक्क्यांच्या आसपास येतं.

म्हणून हप्ते घेऊच नका असं मी म्हणत नाही (माझी नोकरी त्यावर आहे!). पुढच्या महिन्यात मुलाची फी भरायची असेल, तर 2,626 देऊन पैसे हाताशी ठेवणं शहाणपणाचंही असतं.

"फक्त 12 टक्के फ्लॅट" असं कुणी म्हणालं, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, तर मात्र सावध व्हा. 30,000 वर वर्षाचे 3,600 व्याज, 2,800 चे बारा हप्ते. दर महिन्याला उतरत जाणाऱ्या उधारीवर धरला तर तो दर साडेएकवीस टक्के होतो.

1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाबरोबर केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) नावाचं, कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक द्यावंच लागतं. त्यात एपीआर शोधा. फाइल चार्ज वगैरे धरून आलेला तो वर्षाचा दर. सोडलेली रोख सवलत त्यात नसते, ती तुम्हीच धरायची. आमच्याकडे टॅबवर पोरगा अंगठ्याने सर्रकन पानं सरकवतो आणि "ओटीपी सांगा" म्हणतो. त्याला थांबवा. त्या पानांत विमा, जादा वॉरंटी, वार्षिक फी असलेलं कार्ड, यांच्यापुढे आधीच टिक असू शकते. नको असेल ते काढायला लावा, मगच ओटीपी.

क्रेडिट कार्डावर हप्ते केलेत तर आणखी एक: व्याज सवलत म्हणून परत मिळालं, तरी त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी.

हप्त्याची तारीख पगारानंतरची मागा. पगार सातला आणि हप्ता पाचला, हा घोळ आमच्या टेबलावर नेहमीचा. मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी) बाउन्स झालं, म्हणजे खात्यात पैसे नसल्याने हप्ता गेला नाही, की फायनान्सवाले वेगळे पैसे लावतात, तुमची बँक वेगळे, आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो निराळाच. उशिराचा दंड आता व्याजदरात मिसळता येत नाही, दंडावर व्याजही लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर आधी कंपनीला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा फोन नंबर 14448.

शेवटचा हप्ता गेला की एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) मागून घ्या आणि बँकेच्या ॲपमध्ये मँडेट बंद झालंय का तेही बघा.