सीसीएनपीचा क्लास लावताय? आधी मास्तरला राउटर बिघडवायला सांगा

परवा भाचा विचारत होता, "मामा, सीसीएनपीला पुण्याला जाऊ काय बेंगळूरला?" खानापूरकडच्या नंदगडचं पोर. रोज एसटीनं बेळगावला येऊन उद्यमबागेतल्या एका कारखान्याचं नेटवर्क बघतं. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट सीसीएनए झालंय त्याचं, सीसीएनपी हे त्याच्या वरचं. म्हटलं, गाव मागनं ठरव बाबा, आधी मास्तर बघ.

हे मला पैसे घालवून कळलं. २०२१ च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एका क्लासला चाळीस हजार भरले. जाहिरातीत लुकलुकणाऱ्या राउटरच्या रॅकचा फोटो होता. रॅक खरंच होता, पण अठरा जणांत दोन राउटर. शनिवारी रात्रीच्या गाडीनं जायचं, दिवसभर दुसऱ्याच्या खांद्यावरून स्क्रीन बघायची आणि परत यायचं. त्यात हातात आल्या त्या नोट्स राउट, स्विच आणि टीशूट या तीन पेपरांच्या. ती पद्धत सिस्कोनं २४ फेब्रुवारी २०२० लाच बंद केलेली. विचारलं तर म्हणाले, "बेसिक तेच असतं." असतं की. पण तेव्हाच्या नव्या पेपरात वाय-फाय होतं, एसडी-वॅन म्हणजे शाखांची जोडणी सॉफ्टवेअरनं सांभाळणं होतं, पायथनचं प्रोग्रामिंग आणि जेसन ही माहिती लिहायची रीत होती, त्याचं त्या वहीत नावसुद्धा नव्हतं.

तर क्लासवाल्याला पहिला प्रश्न हा: कुठला पेपर शिकवता, नंबर सांगा. सीसीएनपी एंटरप्राइझला दोन पेपर आहेत. एक सगळ्यांना सारखा, एन्कोर, नंबर ३५०-४०१, वेळ १२० मिनिटं. दुसरा आपण निवडायचा, तो ९० मिनिटांचा. मी दिले तेव्हा पहिल्याला ४०० डॉलर आणि दुसऱ्याला ३०० डॉलर पडले, वर टॅक्स. ही फी क्लासच्या फीत आहे की वेगळी, हे पावती फाडायच्या आधी विचारा. दुसऱ्या पेपरात मी एनार्सी घेतला, ३००-४१०. त्यात ओएसपीएफ, ईआयजीआरपी, बीजीपी या राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धती आणि शाखा इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारं डीएमव्हीपीएन खोलात येतं. दोनचार शाखा एकमेकांना जोडून ठेवायचं काम असेल तर हाच उपयोगाचा. बऱ्याच क्लासात नुसती एन्कोरची बॅच चालते आणि दुसऱ्या पेपरचं "बघू नंतर" असतं. ते नंतर येत नाही.

आता मास्तर कसा ओळखायचा? डेमो लेक्चर फुकट असतं, त्यात स्लाइड बघत बसू नका. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ चालू करून दाखवा म्हणा. झालं की एका बाजूच्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातील ते माप, १५०० चा १४०० करायला सांगा आणि ओएसपीएफ परत सुरू करायला लावा. आता गंमत बघा. साधा पिंग, म्हणजे समोरचा उत्तर देतो का ते बघायचं छोटं पॅकेट, जातो. राउटर एकमेकांना ओळख द्यायला पाठवतात ती हॅलो पॅकेट लहान असतात, तीही जातात, त्यामुळे शेजारी दिसतो. पण तो "फुल" म्हणजे पूर्ण जोडणीच्या अवस्थेला पोचत नाही. एका बाजूला एक्सस्टार्ट, दुसऱ्या बाजूला एक्सचेंज, या अलीकडच्या पायऱ्यांवरच अडकून बसतो. कारण डेटाबेसची देवाणघेवाण करताना राउटर आपला एमटीयू सांगतो आणि समोरच्याचा आपल्यापेक्षा मोठा निघाला की ते पॅकेट घेतच नाही. मास्तर "शो आयपी ओएसपीएफ नेबर" मारून ही अवस्था वाचतो का, की केबल बघा, रीस्टार्ट करा म्हणतो? वर एमटीयूचा फरक बघूच नको म्हणणारी "एमटीयू इग्नोर" कमांड टाकून मोकळा झाला तर विचारा, मग मोठ्या पॅकेटचं काय होणार? ह्या एका प्रश्नात अर्धे मास्तर गळतात.

लॅबचं सांगतो. आता खऱ्या रॅकचं अप्रूप नको. राउटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्यातला पॅकेट ट्रेसर सीसीएनएला ठीक, इथं अपुरा पडतो. जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजीवर शिकवतात का बघा, दोन्ही घरच्या मशीनवर चालतात. रॅम १६ जीबी तरी पाहिजेच. त्यात टाकायच्या राउटरच्या इमेज, म्हणजे राउटरचं सॉफ्टवेअर, मात्र रीतसर लायसन्सच्या लागतात. त्या कुठून देणार, हे विचारल्यावर क्लासवाला इकडंतिकडं बघायला लागला की समजायचं.

ऑनलाइन बॅच घेणार असाल तर रेकॉर्डिंग किती महिने मिळणार ते लिहून घ्या. पावसाळ्यात खानापूरकडं लाईटचा काय भरवसा, ऐन बीजीपीच्या दिवशी जाते. भाषेचंही बघा. पेपर इंग्रजीतच, पण शंका आपल्याला ज्या भाषेत सुचते त्या भाषेत विचारता आली पाहिजे. माझ्या दुसऱ्या क्लासचे सर कन्नड माणूस, हिंदीत शिकवायचे, मी अर्धं मराठी अर्धं कन्नड मारायचो. काही अडलं नाही.

आणि "पास गॅरंटी" ऐकलं की चप्पल घालायची. म्हणजे तिथं फुटलेले प्रश्न पाठ करून घेतात. सापडलात तर सिस्को निकाल रद्द करते, पुढच्या परीक्षाही बंद करू शकते. तसंही सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं, पाठांतर तोवर टिकत नाही.

भाच्यानं तीन डेमो केले. दोघांनी "हे सिलॅबसमध्ये नाही" म्हणून एमटीयूला हातच लावला नाही. तिसऱ्यानं लावला, पाच मिनिटं स्वतःच अडकला, मग हसत म्हणाला, "थांब रे, डीबग लावून बघू." पोरानं तिथंच पैसे भरले. बॅच ऑनलाइन आहे. मी त्याला एक जुना यूपीएस दिलाय.