गूगलवर नेमकं शोधायचं कसं? सर्च ऑपरेटर वापरून पाहा

समजा, पारा या धातूची माहिती हवी आहे. गूगलवर ‘पारा’ टाकलं की ‘पारा चढला’, ‘पारा घसरला’ अशा बातम्यांची रांग लागते. पहिला शोध असा साधाच घ्या आणि नको ते काय येतंय ते बघा. मग सर्च ऑपरेटर, म्हणजे शोध नेमका करणारी खूण किंवा शब्द, वापरून त्यातला एक शब्द वगळा:

पारा -हवामान

वजाच्या आधी स्पेस हवी, नंतर नको. इथे ‘-तापमान’ टाकायचा मोह होतो, तो आवरा. पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो हे सांगणाऱ्या चांगल्या पानावरही ‘तापमान’ हा शब्द असणारच, म्हणजे तेही कटेल.

शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. माझ्या मते सगळ्यात कामाची खूण हीच. कॉम्प्युटरवर एरर आली की तो संदेश कॉपी करून अवतरणात पेस्ट करा. मात्र त्यातलं तुमच्या फाइलचं किंवा फोल्डरचं नाव आधी काढा. ते जगात दुसऱ्या कुणाकडे नसतं, आणि शोध रिकामा परततो. अवतरणात टाकायच्या ओळीतला एखादा शब्द आठवत नसेल तर त्या जागी * ठेवा.

मराठीत शोधताना अवतरणाची एक अडचण होते. "पारा" असं शोधलं तर फक्त ‘पाऱ्याचे’ लिहिलेली पानं हातची जाऊ शकतात. ‘व्हायरस’ आणि ‘वायरस’ यांचंही तेच. अशा वेळी दोन्ही रूपं टाकून मध्ये ‘ऑर’ लिहा. हा शब्द रोमन अक्षरांत आणि कॅपिटलमध्येच टाइप करायचा.

पुढचे ऑपरेटरही रोमन अक्षरांतच टाइप करायचे. एकाच संकेतस्थळावर शोधायचं असेल तर ‘साइट’, कोलन आणि लगेच त्या संकेतस्थळाचा पत्ता. कोलननंतर स्पेस सोडली की सगळं मुसळ केरात. कित्येक संकेतस्थळांच्या स्वतःच्या सर्चपेक्षा हा मार्ग बरा पडतो. यंत्राचं मॅन्युअल हवं असेल तर मॉडेल नंबरपुढे ‘फाइलटाइप:पीडीएफ’ जोडा. ‘फाइलटाइप’ हा सलग एकच शब्द. सॉफ्टवेअरची माहिती लवकर शिळी होते, तिथे ‘आफ्टर:२०२४’ सारखं वर्ष द्या, तेही इंग्रजी आकड्यांत. पानाची तारीख गूगलला नेहमी बरोबर कळतेच असं नाही, हे मात्र धरून चाला.

ऑपरेटरच्या जुन्या याद्यांमध्ये अधिकचं चिन्ह (हा शब्द हवाच, असं सांगणारं) आणि ‘कॅश:’ (गूगलने साठवलेली पानाची प्रत दाखवणारं) अजून दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. पहिलं गूगलने २०११ मध्ये बंद केलं, दुसरं २०२४ मध्ये.

निकाल फारच कमी आले तर एकेक ऑपरेटर काढत जा. सुरुवात अवतरणांपासून करा, बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.