पावसाळ्यात शेवग्याचा पाला खोलीत वाळवताना

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. जून ते सप्टेंबर घरात मीठसुद्धा पाझरतं. पण शेवग्याचा कोवळा पाला पावसातच भरभरून येतो, म्हणून मागच्या पडवीला लागून असलेली खोली मी पाला वाळवायला घेतली. पहिल्या वर्षी दारं-खिडक्या उघड्या टाकून पंखा लावला. वारा लागेल, वाळेल, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी पाला काळवंडला, कुबट वास सुटला, सगळा खड्ड्यात टाकला. फार वाईट वाटलं.

तेव्हा मी पाण्याचा हिशोब मांडला. ताज्या पाल्यात पाऊण हिस्स्याहून जास्त पाणीच असतं. म्हणजे 10 किलो पाला आत नेला की साधारण 8 लिटर पाणी आपणच खोलीत आणतो. माझी खोली 10 बाय 12 फूट, उंची 9. एवढ्या हवेत 28 अंशांना जास्तीत जास्त 800 मिलीच्या आसपास वाफ मावते, आणि श्रावणात ती जागा आधीच 90 टक्के भरलेली असते. मग 8 लिटर जाणार कुठे? नुसता पंखा तीच ओली हवा फिरवत बसतो, आणि खिडकीतून येणारी हवाही तितकीच ओली.

म्हणून खोली बंद करा आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ ओढून तिचं पाणी करणारं यंत्र, लावा. खिडकीच्या फटींना कापडाच्या वळकट्या, दाराखाली गोणपाट. खोक्यावर रोजचे 20 लिटर लिहिलेले असले तरी तो आकडा गरम, दमट हवेतला. खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांवर आली की यंत्र त्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी काढतं. म्हणजे 10 किलोला एक दिवस-रात्र धरा, आणि एका वेळी त्याहून जास्त पाला भरू नका. मोह होतो, पण नकोच.

पाला धुतल्यावर कापडी पिशवीत घालून वॉशिंग मशीनच्या स्पिनरमध्ये फिरवून घेते. वरवरचं लिटरभर पाणी तिथेच जातं. मग मच्छरदाणीची जाळी ठोकलेल्या 3 बाय 3 फुटी लाकडी चौकटींवर पातळ पसरायचा. चौरस मीटरला एक किलो, म्हणजे 10 किलोला 12 चौकटी. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा, नाहीतर सुकलेली पानं उडतात.

पहिली रात्र सर्वांत महत्त्वाची. तेव्हा पाला भराभर पाणी सोडतो आणि आर्द्रतामापकाचा (हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा 70 च्या वर राहिला तर बुरशी धरते. सकाळपर्यंत तो 55 च्या खाली यायलाच हवा. मी यंत्राची नळी बादलीत सोडते आणि पाणी मापते. बादलीत 6 लिटर जमलं की बरंच काम झालं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर निदान पंखा चालू ठेवते.

आर्द्रतामापक तपासूनच वापरा. बाटलीच्या झाकणात मीठ जेमतेम ओलं करून ते मापकासोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. 75 दाखवायला हवं. माझा 68 दाखवतो, म्हणून मी प्रत्येक वेळी 7 मिळवते. हे कळण्याआधी मी वर्षभर चुकीच्या आकड्यावर विसंबले होते.

सासूबाई पूर्वी चुलीवर टांगलेल्या फळीवर पाला ठेवत. हवा तापली की तिची पाणी पेलायची ताकद वाढते, त्यामुळे वाळायचा छान, पण धुराचा वास लागायचा.

देठ कट्‌कन मोडला, पान चुरचुरलं की झालं. यंत्र चालू असतानाच डब्यात भरा. बाहेर पडवीत तासभर ठेवलात तरी सादळतो. एका काचेच्या बरणीत पाल्यासोबत मापक ठेवून रात्रभर झाकण लावते. सकाळी 60 च्या वर दिसला, तर सगळे डबे परत चौकटींवर रिकामे करते.