लेटरबॉक्सिंगचा शिक्का: विकतचा की हाताने कोरलेला?

क्लूवरून लपवलेला डबा शोधायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा आणि आपला डब्यातल्या वहीत, १८५४ मध्ये इंग्लंडात डार्टमूरच्या क्रॅनमिअर पूलपासून सुरू झालेला हा छंद. अमेरिकेत मात्र डब्यात विकतचा शिक्का निघाला की लोक जरा हिरमुसतात, कोरलेल्याची मजाच वेगळी ना! कोरायला साधा मोठा खोडरबरसुद्धा चालतो. डिझाइन मऊ पेन्सिलने बटर पेपरवर सरळच काढा आणि कागद रबरावर पालथा घालून घासा, अक्षरं आपोआप उलटी उतरतात (मी एकदा थेट रबरावर लिहिलं आणि नाव आरशातलं छापलं). कोरताना ब्लेड असं तिरकं धरा की रेषेचा पाया रुंद राहील, खालून पोकळ कापलं तर रेघ लवकर तुटते. एकदम बारीक अक्षरं हवी असतील तर सरळ विकतचा बनवून घ्या.