ट्रकच्या हादऱ्यांपासून माल जपताना

चाकण-भोसरीहून सुटे भाग पाठवताना आपण खड्ड्यातल्या दणक्याचीच धास्ती घेतो. परंतु लीफ स्प्रिंगच्या (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) ट्रकमध्ये सेकंदाला साधारण 2 ते 5 वेळा बसणारे हादरे तासन्‌तास चालू राहतात आणि त्यांनीच रंग घासला जातो, स्क्रू ढिले होतात. खोक्याच्या तळाशी साचलेली पुठ्ठ्याची तपकिरी भुकटी ही त्याचीच खूण होय. मागच्या एक्सलच्या मागे हादरे बहुधा सर्वाधिक असल्याने नाजूक माल त्याच्या पुढे ठेवावा. अर्धवट भरलेला ट्रक अधिक उसळतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. खोक्यांमधली बोटभर फटदेखील पुठ्ठ्याने भरावी आणि माल खाली बसल्यावर पट्टे सैल पडत असल्याने, बंगळूरकडे जाताना खेड शिवापूरला थांबून ते पुन्हा आवळावेत.