सोलापूरकरांनी आपल्या आडनावाचं मूळ कसं शोधायचं

आडनावाचा अर्थ गूगलवर टाकला की काहीतरी येतंच, पण सोलापूरकरांनी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच गल्लीत चालतं, त्यामुळं आडनाव मुळात कुठल्या भाषेतलं हे कळल्याशिवाय अर्थ लागतच नाही.

म्हणून आधी भाषा ओळखा. शहराच्या पूर्वभागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरांत आडनाव म्हणजे तेलुगूतलं इंटिपेरू, घराचं नाव, ते माणसाच्या नावाच्या आधी लावायची रीत. चिलका म्हणजे पोपट, गड्डम म्हणजे दाढी. गंजी ऐकून मराठी माणसाला गवताची गंजी आठवते, पण तेलुगूत गंजी म्हणजे पेज, खळ. सुताला खळ लावतात त्यामुळं विणकराच्या घरात हा शब्द रोजचाच, तरी आडनाव त्यावरूनच पडलं असं परस्पर ठरवू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तसंच हिरेमठ. त्यात हिरे-माणकं नाहीत, कन्नडमधे हिरे म्हणजे थोरला, थोरला मठ.

मग बघा की आडनाव गावाचं आहे, कामाचं आहे की मानाचं. मंगळवेढेकर, बार्शीकर सरळ आहेत, फक्त एवढं लक्षात ठेवा की कर सहसा गाव सोडल्यावर लागतं. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनं, म्हणून दोन पाटील भेटले की भाऊबंदच असतील असं नाही, तिथं जुनं आडनाव कोणतं होतं ते खोदून काढावं लागतं. पण मला सगळ्यात श्रीमंत वाटतं ते पंढरपूर. विठ्ठलाच्या एकेका सेवेवरून तिथली घराणी ओळखली जातात, आरसा दाखवायचा तो डिंगरे, दिवटी धरायची तो दिवटे, चांदीचा दंड घेऊन उभं राहायचं तो डांगे, कीर्तन-आरत्या म्हणायच्या तो हरिदास. 1973 चा मंदिर कायदा आला, 2014 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, वंशपरंपरेचे हक्क गेले पण सेवा अजून आडनावात आहे!

आता कागद. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, फेरफार, लग्नपत्रिका सगळं एकत्र मांडा आणि आडनाव कसं कसं लिहिलंय ते बघा, कारण लिहिणारा ऐकेल तसं लिहायचा आणि तेलुगू-कन्नड नावं देवनागरीत येताना हमखास बदलतात. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा, अंदाजानं वाचू नका.

घरातल्या बायकांना नक्की विचारा. कुलदैवत कोणतं, देवक काय, लग्नाआधी कुठल्या गावच्या देवाला जाऊन यायचं हे आजी, आत्या, मोठी काकू यांनाच नीट माहीत असतं, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. तुळजापूरला घरचा पुजारी ठरलेला असेल तर त्यालाही विचारा. त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांकडं वंशावळीच्या वह्या असतात, तिथं आडनावाबरोबर मूळ गावही विचारतात, त्यामुळं ते आधी पक्कं करा आणि मगच गाडीत बसा.